व्हीएलसीचा इक्वलायझर कानानं लावताना

व्हीएलसी या प्लेअरमध्ये इक्वलायझर, म्हणजे खर्जापासून तारेपर्यंतच्या सुरांची पातळी वेगवेगळी कमी-जास्त करायच्या पट्ट्या, उघडला की बहुतेक जण प्रीसेटची, म्हणजे तयार मांडण्यांची, यादी खाली ओढतात आणि 'रॉक' किंवा 'फुल बेस' निवडतात. आवाज एकदम भरदार झाल्यासारखा वाटतो आणि खिडकी बंद होते. पुढे नाट्यगीत असो, कीर्तन असो की बातम्या, सगळं त्याच 'फुल बेस'मधून ऐकलं जातं. गाणाऱ्याचे शब्द घुमायला लागतात, तबल्याची चाट विझते आणि दोष स्पीकरवर ढकलला जातो.

इथे मी उलट्या बाजूनं जाणार आहे. इक्वलायझर हे मुख्यतः कमी करण्याचं साधन आहे. कानाला जे खुपतं ते त्यानं काढता येतं, पण जे रेकॉर्डिंगमध्ये उतरलेलंच नाही ते कितीही पट्ट्या वर सरकवल्या तरी येत नाही. खालची सगळी माहिती व्हीएलसीच्या तिसऱ्या आवृत्तीची, विंडोजवरची आहे. लिनक्सवर जवळजवळ तसंच दिसतं. मॅकवर 'विंडो' मेन्यूत 'ऑडिओ इफेक्ट्स' शोधा. व्हीएलसीच निवडायचं कारण साधं आहे. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा प्लेअर आजही फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि अवघड वाटणारी सगळी बटणं त्यात उघड्यावर आहेत.

आधी जमीन सपाट करा

व्हीएलसीला हात लावण्याआधी बाकीच्यांचा हस्तक्षेप थांबवा. विंडोजच्या साउंड सेटिंग्जमध्ये 'ऑडिओ एनहान्समेंट्स' असतात. शिवाय लॅपटॉप कंपनीनं स्वतःचं एखादं आवाज 'सुधारणारं' ॲप टाकलेलं असतं. ती दोन्ही बंद करा. ती चालू राहिली तर एका इक्वलायझरवर दुसरा बसतो आणि कोणता काय बिघडवतोय ते कळत नाही.

मग ऐकायचं कशावर ते ठरवा. हेडफोनसाठी लावलेले आकडे लॅपटॉपच्या स्पीकरला लागू पडत नाहीत. नाण्याएवढ्या स्पीकरमधून साधारण दीडशे-दोनशे हर्ट्‌झच्या खालचं (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा लहान तितका सूर खर्जातला) काही धड निघतच नाही. तिथे इक्वलायझरची सगळ्यात खालच्या सुरांची, ६० ची पट्टी वर नेली तर खर्ज वाढत नाही, फक्त स्पीकर फडफडतो. उलट लॅपटॉपवर ती पट्टी चांगली आठ-दहा डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) खाली घेतली, तर बाकीचा आवाज स्वच्छ होतो.

तिसरं म्हणजे परीक्षेचं गाणं. तुम्हाला ज्यातली प्रत्येक जागा पाठ आहे, असं एखादं निवडा. एक गळा, तबला आणि एक पेटी किंवा सारंगी एवढाच मेळ असेल तर उत्तम. पन्नास वाद्यांच्या गदारोळात काय बदललं ते ओळखणं कठीण जातं.

खिडकीत काय आहे

'टूल्स'मधून 'इफेक्ट्स अँड फिल्टर्स' उघडा, किंवा सरळ कंट्रोल आणि ई दाबा. 'ऑडिओ इफेक्ट्स'खाली पहिला विभाग इक्वलायझरचा. 'एनेबल'वर टिक केल्याशिवाय पट्ट्या हलत नाहीत.

डावीकडे एक वेगळी पट्टी आहे, 'प्रीॲम्प', म्हणजे सगळ्या आवाजाची एकत्र पातळी. सगळ्यात जास्त गोंधळ हिच्यामुळे होतो. 'फ्लॅट' प्रीसेट निवडलात तर बाकीच्या दहा पट्ट्या शून्यावर असतात, पण प्रीॲम्प १२ वर दिसतो. ही चूक नाही. पट्ट्या वर नेल्यावर आवाज फाटू नये म्हणून व्हीएलसीचा इक्वलायझर आत येणारा आवाज आधीच पाव पटीवर आणतो, म्हणजे सुमारे १२ डेसिबल उतरवतो. तेवढे परत दिले की आवाज मूळ पातळीवर येतो. म्हणून इथे १२ म्हणजेच शून्य समजायचं. 'एनेबल'ची टिक काढून-घालून बघा. फ्लॅटवर, प्रीॲम्प १२ असताना, आवाजात फरक पडता कामा नये.

यावरून एक हिशेब निघतो. सर्वात वर नेलेली पट्टी जितके डेसिबल वर, तितके १२ मधून वजा करा. एखादी पट्टी ५ नं चढवली तर प्रीॲम्प ७ वर आणा. नाहीतर गाण्यातल्या जोरकस जागा कमाल मर्यादेला धडकतात, लाटेचा माथा छाटला जातो आणि तार सप्तकातली जागा करकरते. प्रीसेट बनवणाऱ्यांनीही हेच केलंय. 'फुल बेस'मध्ये प्रीॲम्प ५ वर उतरवलेला दिसेल. तो प्रीसेट निवडून पट्ट्यांकडेही नीट बघा. उजवीकडच्या शेवटच्या तीन पट्ट्या दहा डेसिबलहून जास्त खाली आहेत. शब्द का घुसमटतात याचं उत्तर तिथेच मिळतं.

'टू पास' ही टिक म्हणजे तोच आवाज दोनदा गाळणं. परिणाम जास्त तीव्र होतो. अगदी हट्टी गुणगुण काढायची असेल तेव्हा लावा, एरवी नको.

दहा पट्ट्या, कानाच्या भाषेत

माणसाचा कान ढोबळमानानं २० ते २०,००० हर्ट्‌झ ऐकतो. व्हीएलसीनं त्यातली दहा ठिकाणं धरली आहेत: ६०, १७०, ३१०, ६००, मग १, ३, ६, १२, १४ आणि १६ हजार. प्रत्येक पट्टी २० डेसिबल वर किंवा खाली जाते, पण त्यातल्या सहा-सातच्या पलीकडे जायची वेळ क्वचित येते.

६० वर ढोल, डग्ग्याचा खोल घुमारा आणि विजेची गुणगुण. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा, त्यामुळे वायरिंग नीट नसलेल्या ठिकाणच्या रेकॉर्डिंगमध्ये ५० आणि त्याच्या पटीतले १००, १५० असे सूर सतत वाजत राहतात. १७० च्या आसपास पुरुषी आवाजाचा पाया असतो, बायकांच्या बोलण्याचाही पाया इथून जवळच. हा भाग फार कमी केला की आवाज पोकळ होतो. ३१० हा माझ्या मते सगळ्यात उपयोगी. सभामंडपातलं, बंद खोलीतलं, डब्यात बसून बोलल्यासारखं जे काही वाटतं, त्यातलं बरंचसं इथे असतं. ६०० आणि १००० मध्ये नाकातला, कर्ण्यातला सूर येतो.

३००० पाशी शब्द स्पष्ट होतात. कान सर्वात तिखट असतो तो दोन ते पाच हजारांच्या पट्ट्यात. म्हणून इथे दोन डेसिबल चढवले तरी जाणवतात आणि पाच चढवले तर पंधरा मिनिटांत डोकं उठतं. ६००० वर स, श, च यांची धार, टाळ आणि झांजा. १२ हजारांच्या वर टेपचा फुसफुसाट आणि तंबोऱ्याभोवतीची थोडी 'हवा'.

१६ हजारांच्या पट्टीवर फार वेळ घालवू नका. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे बऱ्यापैकी दाबून लहान केलेल्या, एमपीथ्रीत साधारण त्या पातळीच्या वरचं बहुतेक छाटलेलंच असतं. शिवाय वयाप्रमाणे वरचे सूर ऐकू येणं कमी होतं. पन्नाशीनंतर बहुतेकांना १४-१६ हजारांचं फारसं जाणवत नाही. घरातल्या ज्येष्ठांनी स्वतःच्या कानानं ही टोकं चढवली, तर नातवंडं कानावर हात ठेवतात, ते यामुळे.

प्रत्यक्ष पट्टी शोधायची कशी

फ्लॅटपासून सुरुवात करा. गाणं लावा आणि खुपतंय काय ते आधी शब्दांत सांगा: घुमतंय, टोचतंय, दबलंय की फुसफुसतंय. शब्द सापडला नाही तर पट्टीही सापडणार नाही.

आता प्रीॲम्प शून्यावर आणा, म्हणजे वर चढवायला जागा होते. संशयित पट्टी १० डेसिबल वर न्या. दोष आणखी भडक झाला का? झाला नसेल तर ती पट्टी शून्यावर परत आणून शेजारची उचला. जिथे दोष असह्य होतो तीच जागा. ती पट्टी आता शून्याखाली ३ वर न्या, प्रीॲम्प १२ वर परत आणा आणि ऐका. कमी वाटलं तर ४, ५. या शोधात हेडफोनचा आवाज आधी कमी करून ठेवा, चढवलेली पट्टी कानात खुपू शकते.

दोन-तीन पट्ट्यांच्या वर हलवायची वेळ आली, तर दोष बहुधा इक्वलायझरनं सुटणारा नाही. शेजारशेजारच्या पट्ट्यांचा परिणाम एकमेकांत मिसळतो, हेही लक्षात ठेवा. १७० आणि ३१० दोन्ही ५ नं उतरवल्या तर मधल्या भागात ५ पेक्षा जास्त कमी होतं.

तुलना करताना मात्र आवाजाची पातळी सारखी ठेवा. जे मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, त्यामुळे पातळी वेगळी असेल तर निवाडा चुकतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज लहान असताना कानाला खर्ज त्या प्रमाणात आणखीच कमी ऐकू येतो. म्हणून रात्री हळू आवाजात लावलेला खर्ज सकाळी मोठ्यानं लावल्यावर ढणढणतो. ज्या पातळीवर नेहमी ऐकता, त्याच पातळीवर पट्ट्या लावा.

जुन्या तबकड्या आणि कॅसेटी

७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून संगणकावर घेतलेली नाट्यपदं अनेकांच्या संग्रही असतात. त्यांच्यासाठी पहिली पायरी इक्वलायझरची नाहीच. 'ऑडिओ' मेन्यूत 'स्टीरिओ मोड'मध्ये जाऊन 'मोनो' निवडा. मूळ ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं, असतं, पण ते बहुधा स्टीरिओ सुईनं वाजवून घेतलेलं असतं. गाणं दोन्ही बाजूंना सारखं उतरतं, खरखर मात्र दोन्हीकडे वेगवेगळी. दोन्ही बाजू एकत्र केल्या की गाणं तसंच राहतं आणि खरखरीचा काही भाग एकमेकांना मारतो. एका क्लिकमध्ये एवढा फायदा दुसऱ्या कशानं होत नाही.

मग वरचा भाग. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी गायक-वादक कर्ण्यात गात-वाजवत आणि त्या पद्धतीत साधारण अडीच-तीन हजार हर्ट्‌झच्या वरचं फारसं टिपलं जात नसे. अशा तबकडीत ६ हजारांच्या वर गाणं जवळजवळ नाहीच, आहे तो सुईचा आवाज. ६, १२, १४, १६ या चारही पट्ट्या निर्धास्तपणे १० ते १५ डेसिबल खाली घ्या. विजेवर मुद्रित झालेल्या नंतरच्या तबकड्यांना ६ हजारांवर हात आखडता ठेवा, तिथे सारंगीची धार असते.

कॅसेटवरून घेतलेल्या भजनांत १२ पासून वरच्या तीन पट्ट्या ५-६ नं उतरवल्या की फुसफुस कमी होते, टाळ थोडे मंदावतात. तो सौदा मान्य नसेल तर ३ वर थांबा. टाळ मेले की भजन ऐकवत नाही, मला तरी.

फोनवर मागच्या रांगेतून टिपलेलं कीर्तन म्हणजे घुमारा आलाच. ३१० उणे ५, १७० उणे ३, ३००० अधिक २ आणि प्रीॲम्प १०, इथून सुरुवात करा. पण सभामंडपातला प्रतिध्वनी यानं जात नाही, फक्त त्याचा जडपणा कमी होतो.

संवाद ऐकू येत नाहीत, गाणं लागलं की शेजारी जागे

याला इक्वलायझर नाही, मोठा आवाज दाबणारा कंप्रेसर लागतो, आणि तो इक्वलायझरच्या शेजारच्याच विभागात असून बहुतेकांनी कधी उघडलेला नसतो. चित्रपटाचा आवाज बरेचदा ५.१ चा, म्हणजे सहा स्पीकरसाठी वेगवेगळा केलेला, असतो. त्यात संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात. ते सगळं दोन स्पीकरमध्ये कोंबताना संवाद मागे पडतात.

कंप्रेसरमध्ये सात पट्ट्या आहेत, पण कामाच्या चारच. 'थ्रेशोल्ड' ही रेघ. आवाज त्याच्या वर गेला की दाब सुरू होतो. 'रेशो' म्हणजे किती दाबायचं: ४ ठेवलं तर रेघेच्या वर आलेल्या चार डेसिबलचा एकच उरतो. 'मेकअप गेन' शेवटी सगळंच वर उचलतो. 'रिलीज' म्हणजे दाब किती वेळात सैल व्हायचा.

रात्रीच्या चित्रपटासाठी थ्रेशोल्ड उणे २४, रेशो ४, मेकअप गेन १० आणि रिलीज ३०० मिलिसेकंद करून बघा. समजा पुटपुटलेला संवाद उणे ३० डेसिबलवर आणि मारामारी उणे ६ वर आहे, म्हणजे दोघांत २४ चं अंतर. संवाद रेघेखाली असल्यानं दाबला जात नाही, १० नं उचलला जाऊन उणे २० वर येतो. मारामारी रेघेच्या १८ वर आहे, त्याचे साडेचार होतात. उणे साडेएकोणीस, त्यात १० मिळवले की उणे साडेनऊ. अंतर साडेदहावर आलं. आता रिमोटवर बोट ठेवून बसावं लागत नाही.

रिलीज फार लहान ठेवलं तर प्रत्येक ठोक्यानंतर पार्श्वसंगीत फुगतं-दबतं, ते लगेच ओळखू येतं. 'ॲटॅक', म्हणजे दाब किती लवकर बसायचा, आहे तो २५ च्या आसपास राहू द्या. आणि शास्त्रीय गाणं ऐकताना कंप्रेसर आठवणीनं बंद करा. गायकानं मुद्दाम बारीक केलेला आवाज आपण का फुगवायचा?

आवाजाची मुख्य पट्टी १२५ टक्क्यांपर्यंत जाते म्हणून संवादांसाठी ती ओढणं हा उपाय नाही. त्यानं मारामारीही तेवढीच वाढते.

रियाझ करणाऱ्यांसाठी

'ॲडव्हान्स्ड' विभागातली 'ॲडजस्ट पिच' ही पट्टी गाणाऱ्यांसाठी सोन्यासारखी आहे. तिच्यावरचा एक आकडा म्हणजे एक अर्धस्वर, म्हणजे पेटीवरची पुढची पट्टी, काळी असो की पांढरी. मूळ गाणं काळी पाचमध्ये आहे आणि तुमची पट्टी काळी चार, तर उणे २. काळी एकमधलं पांढरी एकमध्ये हवं तर उणे १. दोन-तीन अर्धस्वरांपर्यंत आवाज बरा राहतो. त्यापुढे गळा राक्षसाचा किंवा बाहुलीचा होतो, तरी सूर धरायला चालतो. अवघड तान समजून घ्यायला चौकोनी कंसाची डावी कळ दाबत वेग थोडा थोडा उतरवा. सुराची पट्टी तीच राहते. बरोबरच्या चिन्हाची कळ वेग पूर्ववत करते.

'स्पॅशिअलायझर' खोलीचा खोटा प्रतिध्वनी घालतो. एकदा गंमत म्हणून ऐका आणि बंद करा. 'स्टीरिओ वाइडनर' हेडफोनवर काही गाण्यांना रुंद करतो, जुन्या मोनो गाण्यांना नको.

ब्लूटूथ हेडफोनवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, ते इफेक्टनं सुटत नाही. चित्रपट चालू असताना 'जे' (J) ही कळ दाबत राहा, प्रत्येक वेळी आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो. जास्त झालं तर 'के' (K).

जपून ठेवणं आणि बिघडलं तर

खिडकी बंद करण्याआधी 'सेव्ह' दाबलं नाही तर पुढच्या वेळी सगळं पुन्हा पहिल्यासारखं. विंडोजवर स्वतःचा प्रीसेट नावानं साठवायची सोय नाही, त्यामुळे तबकड्यांचे, कीर्तनाचे, चित्रपटाचे आकडे एका कागदावर लिहून ठेवा. अँड्रॉइडवरच्या व्हीएलसीत मात्र इक्वलायझरचे स्वतःचे प्रीसेट साठवता येतात. गाणं चालू असताना मेन्यूतून तो उघडतो.

हे सगळे बदल फक्त ऐकताना लागू होतात, मूळ फाइलला धक्का लागत नाही. साफ केलेलं गाणं कुणाला पाठवायचं असेल तर ऑडॅसिटीसारखं संपादनाचं सॉफ्टवेअर लागेल.

पट्ट्या हलवूनही काहीच बदलत नसेल तर आधी 'एनेबल'ची टिक बघा. टिक असेल आणि आवाज टीव्ही किंवा ॲम्प्लिफायरला पासथ्रूनं जात असेल, तर कारण तेच. पासथ्रूमध्ये व्हीएलसी आवाज उलगडतच नाही, बांधलेलं गाठोडं तसंच पुढे पाठवतं. ते 'प्रेफरन्सेस'च्या ऑडिओ भागात बंद करा. आणि पट्ट्या ओढून ओढून नेमकं काय बिघडलंय तेच कळेनासं झालं, तर 'प्रेफरन्सेस'मध्ये खाली 'रीसेट प्रेफरन्सेस' आहे. व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडा, प्रीॲम्प १२ वर आहे ना ते पाहा आणि फ्लॅटपासून पुन्हा सुरू करा.